महाबली आणि गोमटा

वीरकथा कोणत्याही देशाची असो, तिच्यात एक महाकाय योद्धा बहुधा असतोच. आणि बहुधा तो नायक नसतो. नायकपद चपळ, देखण्या, शस्त्रनिपुण वीराकडे जाते आणि महाकायाच्या वाट्याला त्याची पाठराखण येते. अर्जुनाच्या शेजारी भीम उभा असतो, आणि संकट ओढवले की घटोत्कचाची आठवण होते. जपानच्या सामुराईकथांत सडपातळ, तरुण योशित्सुनेच्या मागे बेंकेई नावाचा धिप्पाड भिक्षुयोद्धा असतो. ११८९ साली कोरोमो नदीच्या परिसरात धन्याच्या रक्षणासाठी लढताना असंख्य बाण अंगात रुतले तरी तो खाली पडला नाही, उभ्याउभ्याच मेला, अशी त्याची आख्यायिका आहे. जपानी चित्रकथांतून, ज्यांना तिकडे मांगा म्हणतात, दांडग्या देहाचा आणि मऊ मनाचा जो योद्धा आजही वारंवार भेटतो, त्याचा हा एक पूर्वज म्हणावा लागेल.

अशा पात्राविषयी वाचकाला वाटणारे प्रेम खरे असते. पण ते थोडे स्वस्तही असते. एवढा प्रचंड देह आणि त्यात केवढे कोवळे मन, या विरोधानेच आपण सुखावतो. हे कोवळेपण त्याने कमावलेले नसते. त्याचा देह जसा जन्मजात, तसा हा स्वभावही जन्मजात. त्याला निवड करावी लागत नाही. ती नायकाने करायची आणि याने तिच्यासाठी मरायचे. ज्या महाकायाला स्वतः निवड करावी लागते, ज्याचे सौम्यत्व ऐन लढाईत कसोटीला लागते, आणि त्या कसोटीवरच ज्याचे नायकत्व उभे आहे, अशी व्यक्तिरेखा जगाच्या वाङ्मयात विरळाच. तशी एक आपल्या अगदी जवळ, बंगळूरपासून दीडशे किलोमीटरांच्या आत, विंध्यगिरीच्या माथ्यावर उभी आहे.

बंगळूरला बदलून आलेला मराठी माणूस वर्षभरात एकदा तरी श्रवणबेळगोळला जातो. बहुधा घरी पाहुणे आलेले असतात. सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढून तो वर जातो, सुमारे ५७ फूट उंचीचा तो एकसंध पाषाण पाहून थक्क होतो, पायांशी कोरलेली मराठी ओळ मुलांना दाखवतो, आणि अंधार पडण्यापूर्वी परततो. उंचीची आणि ओळीची नोंद होते. ज्याची ही मूर्ती आहे तो बाहुबली मात्र ‘त्यागमूर्ती’ या एका शब्दात आटोपतो. हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याग अनेकांनी केला. बाहुबलीच्या आधी त्याच्याच अठ्ठ्याण्णव भावांनी तो केला होता. त्यांच्या मूर्ती कोणी डोंगरावर उभारल्या नाहीत. तेव्हा बाहुबलीचे वेगळेपण त्यागाहून निराळ्या कशात तरी असले पाहिजे, आणि ते शोधायचे तर मूर्तीपासून कथेकडे जावे लागते.

ही कथा नवव्या शतकात जिनसेनाचार्यांनी आपल्या संस्कृत आदिपुराणात विस्ताराने सांगितली, आणि त्यांच्यामागून कन्नडचा आदिकवी मानला जाणारा पंप याने इ. स. ९४१च्या सुमारास आपल्या कन्नड आदिपुराणात तिला काव्यरूप दिले. ऋषभदेवांनी वैराग्य घेताना मुलांत राज्य वाटले. थोरल्या भरताला अयोध्या मिळाली, बाहुबलीला पोदनपूर. भरताच्या आयुधशाळेत चक्ररत्न प्रकट झाले आणि त्याच्यामागून जात त्याने दिग्विजय केला. या दिग्विजयाच्या शेवटी कवींनी एक फार मार्मिक प्रसंग घातला आहे. भरत वृषभाचलावर आपले नाव कोरायला जातो, तर त्या कड्यावर जागाच नसते; पूर्वीच्या अगणित चक्रवर्तींची नावे तिथे आधीच कोरलेली असतात. अखेर एकाचे नाव पुसून भरत तिथे स्वतःचे नाव लिहितो. दिग्विजयाची किंमत किती, हे कवीने एका शब्दाचेही भाष्य न करता सांगितले आहे. आणि पुढे येणाऱ्या भावाभावांच्या संघर्षाची ही खरी नांदी आहे.

चक्र अयोध्येच्या वेशीशी येऊन अडते, कारण भाऊ अजून अंकित झालेले नाहीत. अठ्ठ्याण्णव जण राज्य सोडून पित्याकडे जातात आणि दीक्षा घेतात. बाहुबली मात्र जात नाही. तो नकार देतो. भरताच्या दूताला पंपाचा बाहुबली जे उत्तर देतो ते कन्नड रसिकांच्या तोंडी आजही आहे. त्याचा आशय असा की, थोरल्या भावापुढे वाकण्यात कसला अपमान? पण डोक्यावर तलवार धरून वाकायला लावले आणि मग वाकलो, तर तो भ्याडपणा नव्हे काय? या उत्तरात सबंध व्यक्तिरेखेचे बीज आहे. बाहुबलीला नम्रतेचे वावडे नाही, भावाविषयी द्वेष नाही, राज्याचा हव्यासही दिसत नाही. स्वेच्छेने जे द्यायचे ते बळाने मागितले गेले, एवढीच त्याची तक्रार आहे. सौम्य माणूस आणि दुबळा माणूस बाहेरून सारखेच वाकतात. त्यांच्यातील फरक वाकायला नकार देण्याच्या प्रसंगीच कळतो. अशा प्रसंगातून नेल्याशिवाय पंप आपल्या नायकाचे सौम्यत्व मान्य करत नाही.

दोन्ही सैन्ये समोरासमोर येतात तेव्हा मंत्री पुढे होतात. भावांच्या भांडणात लाखो निरपराध का मरावेत? भावांनीच लढावे. जिनसेन आणि पंप यांच्या परंपरेत ही द्वंद्वे तीन आहेत: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. बाहुबलीच्या देहाची उंची कथेत इथे उपयोगी पडते. परंपरेने त्याची उंची ५२५ धनुष्ये सांगितली आहे आणि भरताची ५००. डोळ्याला डोळा भिडवताना भरताला वर पाहावे लागते, आणि त्याच्या पापण्या आधी लवतात. पाणी उडवताना भरताने उडवलेले पाणी बाहुबलीच्या छातीशीच अडते, आणि बाहुबलीने उडवलेले मात्र थेट भरताच्या तोंडावर येते. म्हणजे पहिले दोन विजय देहाने मिळवून दिलेले आहेत. बाहुबलीला त्यासाठी मोठे होण्याची गरज नव्हती, तो मोठा होताच. खरी गोष्ट तिसऱ्या द्वंद्वात घडते. मल्लयुद्धात तो भरताला उचलतो. आता फक्त आपटायचे उरले आहे. पण हा थोरला भाऊ आहे, वंदनीय आहे, या भानाने तो त्याला आपटत नाही, खांद्यावर घेतो.

श्वेतांबर परंपरेत हाच क्षण निराळ्या रीतीने रंगवला आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात द्वंद्वांची संख्या अधिक आहे. आणि शेवटी क्रोधाने बाहुबलीची मूठ भरतावर उगारली जाते. मूठ उगारल्यावर त्याला भान येते. पण उगारलेली मूठ रिकामी खाली घेणे हे वीराला साजणारे नाही. म्हणून त्याच मुठीने तो स्वतःच्या मस्तकावरचे केस उपटतो. प्रहारासाठी उठलेला हात दीक्षेच्या केशलोचाला लागतो. नाट्य म्हणून ही कल्पना अधिक प्रभावी आहे यात शंका नाही. जिनसेनाचा बाहुबली आधीच सावध आहे, तर हेमचंद्राचा बाहुबली उंबरठ्यापर्यंत जाऊन परततो. कोणी म्हणेल की दुसराच अधिक माणसासारखा. तरीही पहिल्याच्या कृतीत एक दुर्लक्षित खोच आहे. न आपटता खांद्यावर घेणे ही क्षमा खरी. पण हजारो सैनिकांसमोर एखाद्या चक्रवर्तीला मुलासारखे खांद्यावर उचलून धरणे याहून मोठा अपमान कोणता? बाहुबलीच्या मनात आदर असतो आणि भरताच्या वाट्याला लाज येते. सौम्यत्वानेसुद्धा जखम होते, ही फार अवघड गोष्ट कथेत येथे शिरते, आणि पुढचा सगळा भाग तिच्यामुळे घडतो.

लज्जेने वेडावलेला भरत नियम मोडून चक्र सोडतो. चक्र बाहुबलीला प्रदक्षिणा घालून त्याच्याच शेजारी थांबते. सैन्यातून धिक्काराचे शब्द उठतात. याच घटकेला बाहुबली सर्वस्वी जिंकलेला असतो, आणि याच घटकेला त्याचे मन उतरते. ज्या राज्यलक्ष्मीमुळे भरतासारखा भाऊ असे करू शकतो, ती तुझी तुझ्याकडेच राहो, अशा अर्थाचे बोलून तो निघतो. येथे एक आक्षेप घेता येईल, आणि कारभाराशी संबंध असलेल्या वाचकाच्या मनात तो आधी यावा: पोदनपूरच्या प्रजेचे काय? राजाला वैराग्य आले की त्याने लोकांना जेत्याच्या हवाली करून जावे काय? जिनसेनांना या आक्षेपाची जाणीव असावी. त्यांचा बाहुबली आपल्या महाबली नावाच्या पुत्राला राज्यावर बसवून मगच जातो. सोडून जाणाऱ्यानेही कारभार नीट सोपवूनच जावे, एवढे औचित्य या कथेने राखले आहे.

मग ते प्रसिद्ध वर्ष येते. बाहुबली एक वर्षभर कायोत्सर्गात उभा राहतो. पायांशी वारुळे उठतात, त्यांतून साप डोकावतात, मांड्यांवरून आणि दंडांवरून वेली चढतात. एवढे करूनही त्याला केवलज्ञान होत नाही. का होत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात दोन्ही परंपरा वेगळ्या होतात, आणि माझ्या मते या व्यक्तिरेखेचे खरे मूल्यमापन येथेच करावे लागते.

हेमचंद्रांचे उत्तर असे की, आड आला तो अभिमान. वडिलांकडे जायचे तर आधी दीक्षित झालेल्या धाकट्या भावांना वंदन करावे लागेल, म्हणून तो गेला नाही. बहिणी ब्राह्मी आणि सुंदरी येऊन म्हणतात, हत्तीवरून खाली उतर. तेव्हा त्याला उमजते. उत्तर सुबक आहे, बोधप्रद आहे, आणि कीर्तनात रंगण्यासारखे आहे. पण ते बाहुबलीला आपल्या ओळखीच्या साच्यात बसवते. बलाढ्याला गर्व असायचाच, आणि गर्वाचे घर खाली होणारच; त्यासाठी बाहुबलीच हवा असे नाही.

जिनसेनांचे उत्तर याहून फार सूक्ष्म आहे. त्यांच्या मते त्या मनात अडकून राहिले होते ते एवढेच, की भरताला माझ्यामुळे क्लेश झाला. हा स्नेहाचाच अंश होता. म्हणून ते ज्ञान जणू भरताच्या येण्याची वाट पाहत थांबले होते. भरत आला, त्याने पूजा केली, आणि ज्ञान प्रकट झाले. या एका कल्पनेने सगळी कथा उजळून निघते. जो महाकाय हात आवरतो तो तेवढ्याने मोकळा होत नाही. न मारताही आपण कोणाला तरी खाली पाहायला लावले, याचा सल त्याला वर्षभर राहतो. आणि तो सल एकट्याच्या तपश्चर्येने निघत नाही. ज्याला दुखावले त्यानेच यावे लागते. विजयी पुरुषाची मुक्ती पराभूताच्या हाती ठेवण्याचे धाडस किती वीरकथांनी केले आहे? भीमाचा राग आपल्याला कळतो, बेंकेईची निष्ठा कळते. पण बलवंताच्या मनातील ही हळवी अपराधभावना इतक्या स्पष्टपणे ओळखणारा कवी मला तरी दुसरा आठवत नाही.

भरताला पुढे आपला कैवारी मिळाला. सोळाव्या शतकात रत्नाकरवर्णीने सांगत्य छंदात लिहिलेल्या ‘भरतेशवैभव’ या कन्नड काव्यात कवीची सारी सहानुभूती भरताकडे आहे. तिथे द्वंद्व टळते. भरत गोड शब्दांनीच भावाचे मन जिंकतो. काव्य रसाळ आहे आणि भोगात राहूनही योगी असणारा राजा ही त्याची कल्पना आकर्षक आहे. पण भरताला निष्कलंक करण्यासाठी कवीने द्वंद्व काढून टाकले, आणि त्याबरोबर बाहुबलीचा आवरलेला हातही गेला. मग उरतो तो समजूत काढला गेलेला एक रुसलेला धाकटा भाऊ. हात उचललाच नाही तर तो आवरण्याला अर्थ राहत नाही, हे या उदाहरणावरून चांगले लक्षात येते.

आता पुन्हा विंध्यगिरीकडे यावे. इ. स. ९८१च्या सुमारास मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकाराचे नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याने कोणता क्षण निवडला हे समोर दिसते. त्याने मल्लयुद्ध निवडले नाही, चक्राचा चमत्कार निवडला नाही. वेली चढलेल्या, वारुळे उठलेल्या त्या वर्षातला बाहुबली त्याने कोरला. म्हणजे जिंकून झाले आहे, सोडून झाले आहे, आणि ज्ञान अजून व्हायचे आहे, अशी ही मधली अवस्था. रुंद खांदे आणि गुडघ्यांपर्यंत लोंबणारे हात योद्ध्याचे आहेत. पण हातांत काही नाही, आणि ते कशासाठीही उचलले जाणार नाहीत. बेंकेईही उभा आणि हाही उभा; तो लढाई संपेपर्यंत उभा राहिला, हा लढाई थांबवून उभा राहिला. मांड्यांच्या वर मूर्तीला मागून कसलाही आधार नाही. ओठांवर स्मित आहे, पण ते इतके हलके आहे की ते सुखाचे की कारुण्याचे हे ठरवता येत नाही. जिनसेनांची कल्पना ध्यानात ठेवून पाहिले तर ते कोणाची तरी वाट पाहणाऱ्याचे स्मित आहे असे म्हणावेसे वाटते.

या मूर्तीचे फार जुने आणि फार चांगले रसग्रहण तिथेच दगडावर कोरलेले आहे. बोप्पण नावाच्या कवीने ११८०च्या सुमारास कन्नडमध्ये रचलेल्या शिलालेखात तो म्हणतो त्याचा भावार्थ असा: मूर्ती अतिशय उंच असली की सौंदर्य राहत नाही, उंचीबरोबर सौंदर्य साधले तरी दैवी प्रभाव येत नाही, येथे तिन्ही एकत्र आले आहेत. आकार आणि सौंदर्य यांतील विरोध ओळखणारी ही दृष्टी आजच्या समीक्षकालाही हेवा वाटावा अशी आहे. त्याच लेखात एक आख्यायिका आहे. बाहुबलीची पहिली मूर्ती पोदनपुरात भरताने उभारली होती, ५२५ धनुष्ये उंचीची. ती दुर्गम झाली म्हणून चावुंडरायाने ही करविली. पराभूत भावानेच जेत्याची पहिली मूर्ती उभारावी, ही लोककल्पना जिनसेनांच्या उत्तराशी किती जुळते!

चावुंडराय हा गंग राजांचा मंत्री आणि सेनापती. ‘समरपरशुराम’, ‘वीरमार्तंड’ अशी त्याची बिरुदे. आणि ९७८ सालचे चावुंडरायपुराण हे कन्नड गद्यही त्याचेच. दुसऱ्यांच्या राज्यांसाठी रणांगणे गाजवणाऱ्या या राजसेवकाने आपल्या हयातीचे स्मारक म्हणून एकाही लढाईचे चित्र कोरविले नाही. हात आवरलेला योद्धा कोरविला. मात्र पायांशी आपले नाव कोरण्याचा मोह त्याला किंवा त्याच्या माणसांना आवरला नाही. कन्नड, तमिळ आणि मराठी या तिन्ही भाषांत तिथे एकच गोष्ट सांगितली आहे: चावुंडरायाने करविले. पुढे होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतीचा प्राकार बांधला, त्याचीही मराठी नोंद शेजारी आहे. बंगळूरातच जन्मलेल्या लुईस राईस यांनी १८८९ साली येथील शिलालेखांचा संग्रह बंगळूरहून प्रसिद्ध केला. मराठीचा आद्य शिलालेख म्हणून ती ओळ पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी अक्षीच्या शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा ठरवला. आणि बेळगोळच्या दोन्ही ओळी गंगराजाच्याच काळी, बाराव्या शतकात कोरल्या गेल्या असाव्यात असेही मत मांडले गेले. आद्यत्वाचा हा वाद विद्वानांवर सोपवावा. आपल्याला लक्षात घ्यायचे आहे ते त्या ओळीतले ‘करवियले’ हे क्रियापद. ते करणाऱ्याचे नव्हे, करवून घेणाऱ्याचे क्रियापद आहे. हुकूम सोडणाऱ्याची भाषा आहे. वृषभाचलावर नाव कोरू पाहणारा भरत आणि हा मंत्री एकाच जातकुळीचे. लोकांनी हे ओळखले असावे. कारण त्यांनी अशी कथा रचली की, चावुंडरायाच्या घागरींनी मूर्तीचा अभिषेक पुरा होईना, आणि एका म्हातारीने गुळ्ळकायीच्या फळाच्या इवल्याशा करवंटीतून आणलेल्या दुधाने तो झाला. त्या गुळ्ळकायज्जीची मूर्ती आजही बाहुबलीच्या समोर आहे.

राहता राहिले नाव. ‘गोम्मट’ हे चावुंडरायाचेच घरगुती नाव असावे, आणि त्याचा देव तो गोम्मटेश्वर, असे मत डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी मांडले. हा शब्द मराठीतल्या ‘गोमटा’ या शब्दाशी निगडित आहे, हेही त्यांनी दाखवले. ज्ञानदेवांच्या काळापासून ओळखीचा आणि आजही ‘गोरागोमटा’ म्हणून आपल्या घरांत वावरणारा हा शब्द. अर्थ देखणा, चांगला. पुराणांनीही बाहुबलीला पहिला कामदेव म्हटले आहे. ५७ फुटांच्या या पुरुषाला लोकांनी ज्या नावाने हाक मारली, त्यात उंचीचा उल्लेख नाही, बळाचाही नाही.

त्याच्या मूळ नावाचे मात्र हाल झाले. उत्तरेकडील वर्तमानपत्रांत ‘बाहुबली’ म्हणजे दहशतीवर निवडून येणारा पुढारी. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या दोन भव्य चित्रपटांनी हे नाव घरोघर पोचवले, पण तिथला बाहुबली दुसराच. त्याचे सारे तेज प्रहारात आहे. बाहूंचे बळ ते बाहू खाली सोडण्यात आहे, हे नावातून निघून गेले आणि दगडात तेवढे राहिले. कर्नाटकात कारकळला १४३२ मध्ये, वेणूरला १६०४ मध्ये तीच मूर्ती पुन्हा उभारली गेली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजलाही २८ फुटी संगमरवरी बाहुबली आहे. प्रत्येक ठिकाणी हात तसेच खाली, वेली तशाच चढलेल्या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती थोडीफार सत्ता असते: एखादी सही, एखादा शेरा, एखादी बदली. तिचा वापर टाळला की आपण सौम्य ठरलो असे आपल्याला वाटते, आणि तिथे आपण थांबतो. जिनसेनांचा बाहुबली तिथे थांबला नाही. हात आवरल्यानंतरही समोरचा माणूस खाली मान घालून गेला, हे तो वर्षभर विसरू शकला नाही. श्रवणबेळगोळला पुन्हा जाल तेव्हा पायांशी असलेली मराठी ओळ जरूर वाचावी. पण मग मान वर करून त्या दोन मोकळ्या हातांकडेही थोडा वेळ पाहावे.